आधी शेवटचं पान

नागपूर खंडपीठाच्या व्हरांड्यात निकालाची प्रत हातात पडली की वकील पहिलं पान उघडत नाहीत. थेट शेवटी जातात. मागे उभा असलेला पक्षकारही एकच विचारतो, "साहेब, अलाव झालं की डिसमिस?" मधली तीस-चाळीस पानं, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद, जुन्या निवाड्यांचे दाखले, हे सगळं घरी गेल्यावर, सवड मिळाली तर. सिव्हिल लाइन्समधल्या त्या दगडी इमारतीला 'दगडातलं काव्य' म्हणायची पद्धत आहे. आत मात्र काव्याला फारसा भाव नाही.

निकाल केवळ वाचनाच्या आवडीने वाचणारे माझ्यासारखे लोक याच्या बरोबर उलट वागतात. आम्हाला सुरुवात हवी असते. समलिंगी आणि तृतीयपंथी नागरिकांच्या मूलभूत हक्कांवरचे गेल्या पंधरा-सोळा वर्षांतले निकाल तर सुरुवातींसाठीच गाजलेले आहेत. त्या सुरुवाती वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकल्या, भाषणांतून फिरल्या, पोस्टरांवर चढल्या. पण हे निकाल पुन्हा पुन्हा चाळताना माझं मत हळूहळू वकिलांकडे झुकलं. हक्क माणसाच्या हातात पडतो तो बहुधा शेवटच्या पानावर, अगदी रुक्ष भाषेत. निकालाची खरी गोडी घ्यायची तर तिथे जास्त वेळ बसावं लागतं.

सर्वांत प्रसिद्ध निकालापासूनच बघू. ६ सप्टेंबर २०१८ चा नवतेज सिंग जोहर खटला. १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३७७ प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरतं घटनाबाह्य ठरलं तो. पाच न्यायमूर्ती, चार निकालपत्रं, एकूण ४९५ पानं. तेव्हाचे सरन्यायाधीश दीपक मिश्रा गटेपासून आरंभ करतात, लगेच शोपेनहॉवरकडे वळतात, आणि शेक्सपिअरलाही मोकळं सोडत नाहीत. अवतरणांचा त्यांना सोसच होता. न्या. रोहिंटन नरिमन लॉर्ड आल्फ्रेड डग्लसच्या १८९४ मधल्या कवितेची आठवण काढतात आणि त्या कवितेमागून ऑस्कर वाइल्डचा खटला आणतात. न्या. धनंजय चंद्रचूड यांची निवड सगळ्यांत मार्मिक. त्यांनी आरंभी घेतले आहेत लीला सेठ यांचे शब्द. लीला सेठ स्वतः उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश होत्या आणि लेखक विक्रम सेठ यांच्या आई. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच कलम कायम ठेवलं तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून त्या निकालावर खुली टीका केली होती, न्यायाधीश म्हणून आणि आई म्हणूनही. ज्या न्यायालयावर ती टीका होती, त्याच न्यायालयाच्या निकालपत्राच्या दारात पाच वर्षांनी तिला मानाने जागा मिळाली. असं करायला मोठं मन लागतं आणि थोडी खोडीही लागते. चंद्रचूडांकडे दोन्ही होतं.

आता शेवटाकडून वाचू. नरिमनांच्या निकालपत्राच्या अखेरीस वाइल्ड नाही, कविता नाही. तिथे केंद्र सरकारला आदेश आहे की या निकालाची दूरचित्रवाणी, आकाशवाणी, वर्तमानपत्रं आणि इंटरनेटवरून वेळोवेळी व्यापक प्रसिद्धी करा, आणि सरकारी अधिकाऱ्यांना, विशेषतः पोलिसांना, समज देणारे वर्ग घ्या. पहिल्या वाचनात मी हा परिच्छेद ओलांडून गेलो होतो. आता मला तो त्या निकालपत्रातला सर्वांत जाणता भाग वाटतो. कलम ३७७ खाली शिक्षा झालेले लोक मोजके होते. त्या कलमाची भीती घालून रात्री बागेत, लॉजवर, स्टेशनबाहेर लुबाडले गेलेले लोक अगणित. अशा माणसाची गाठ सरन्यायाधीशांशी पडत नाही, हवालदाराशी पडते. निकाल हवालदाराच्या कानापर्यंत जायला हवा, हे नरिमनांना ठाऊक होतं आणि त्यांनी ते शेवटी लिहून ठेवलं.

न्या. इंदू मल्होत्रा यांचं निकालपत्र तुलनेने आटोपशीर. घटनापीठावरच्या त्या एकट्या महिला. त्यांनी सुरुवातीला काहीच गाजवलं नाही. त्यांचं प्रसिद्ध वाक्य अखेरीस आहे. या समाजाला आणि त्यांच्या कुटुंबीयांना शतकानुशतकं जी अप्रतिष्ठा आणि बहिष्कार सोसावा लागला, त्यावर उपाय व्हायला लागलेल्या विलंबाबद्दल इतिहास त्यांची माफी मागणं लागतो, असा त्याचा आशय. या वाक्यात मला भावतात ते 'कुटुंबीय'. बाकी तिघांची नजर व्यक्तीवर आहे: तिची प्रतिष्ठा, तिची निवड, तिचं खासगीपण. मल्होत्रांना घरातले लोकही दिसले. मुलाचं लग्न का जमत नाही या प्रश्नाला वीस वर्षं खोटी उत्तरं देणारी आई, भावकीत मान खाली घालून बसणारा बाप, हे लोक कुठल्याही याचिकेत पक्षकार नसतात. त्यांनाही माफीचा वाटा देणं ही बारीक नजर आहे.

तरीही या वाक्याशी माझं एक भांडण आहे. माफी कोण मागतंय? इतिहास. इतिहासाला पत्ता नसतो, त्याला समन्स बजावता येत नाही. विलंब शतकांचा खरा, पण त्यातली शेवटची जवळपास पाच वर्षं, ११ डिसेंबर २०१३ पासून ६ सप्टेंबर २०१८ पर्यंतची, खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या खात्यावर आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी नाझ फाउंडेशनच्या निकालाने दार उघडलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने सुरेश कुमार कौशल खटल्यात ते लावून घेतलं. मधल्या काळात ज्यांनी विश्वासाने घरी सांगितलं, ज्यांची नावं छापून आली, ते सगळे एका सकाळी पुन्हा कायद्याने गुन्हेगार. त्या वाक्यात कर्त्याच्या जागी 'हे न्यायालय' आलं असतं तर ते जास्त उंच गेलं असतं.

कौशल निकालाबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. कलम कायम ठेवायला कारणं देता येतात, संसदेकडे बोट दाखवता येतं. ते सगळं ऐकून घेता येईल. पण त्या निकालपत्राने या समाजाची संख्या अगदीच किरकोळ असल्याचं सांगितलं, दीडशेहून अधिक वर्षांत दोनशेही लोकांवर खटले झाले नसल्याचा हिशेब मांडला आणि त्यांच्या हक्कांच्या मागे 'तथाकथित' लावलं. रसभंग व्हायला एवढं पुरे. मूलभूत हक्क डोकी मोजून वाटायचे नसतात, हे घटनेच्या पहिल्या धड्यातलं आहे.

त्या 'तथाकथित'चा समाचार २४ ऑगस्ट २०१७ रोजी घेतला गेला, आणि तिथे नागपूरचा माणूस येतो. खासगीपणाच्या हक्कावरच्या पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्ती बसले होते. मुख्य निकालपत्र चंद्रचूडांचं. हे हक्क तथाकथित नाहीत, खरे आहेत, असं कौशलचं नाव घेऊन स्पष्ट सांगणारं. पण माझ्या आवडीचं आहे न्या. शरद बोबडे यांचं स्वतंत्र, सहमतीचं निकालपत्र. बोबडे जन्माने नागपूरचे. वडील अरविंद बोबडे राज्याचे महाधिवक्ता होते. न्यायमूर्ती होण्याआधी शरद बोबड्यांनी वकिली केली ती याच खंडपीठात. पुढे ते सरन्यायाधीश झाले.

खासगीपण ही पाश्चात्त्यांची आयात आहे, असा एक सूर त्या खटल्यात होता. बोबडे त्याला घराच्या गोष्टी सांगून उत्तर देतात. घर कसं बांधावं म्हणजे आतल्या माणसांचं खासगीपण राखलं जाईल, हे गृह्यसूत्रांनी सांगितलं आहे. मालकाच्या परवानगीवाचून दुसऱ्याच्या घरात शिरायला अर्थशास्त्राने मनाई केली आहे. दुसऱ्याच्या घरात डोकावणं इस्लामलाही निषिद्ध. यात कुठे आवाज चढलेला नाही. मग ते आपला मुद्दा ठेवतात: एखादी गोष्ट करण्याचं स्वातंत्र्य आणि ती एकांतात करण्याचं स्वातंत्र्य यांची फाळणी करता येत नाही. समलिंगी संबंध हा विषय त्यांच्या निकालपत्राच्या मध्यभागी नाही. पण वर्षभराने नवतेजचा निकाल ज्या पायावर उभा राहिला, त्यात या मुद्द्याचा एक दगड आहे.

एक शंका मात्र राहते. नवतेजच्या आदेशातला शब्द आहे 'खासगीत'. ज्याच्या दाराला आतून कडी आहे त्याला हे खासगीपण ताबडतोब मिळालं. दहा बाय दहाच्या खोलीत सात जणांत राहणाऱ्याला, डेऱ्यावरच्या चेल्याला, सिग्नलवर उभी असणाऱ्या तृतीयपंथी बाईला त्याचा उपयोग किती? तिचं आयुष्य चौकात आहे. तिचा हक्क चौकातच सिद्ध व्हावा लागतो.

चौकातल्या हक्कासाठी वेगळा शब्द लागतो, आणि तो पुरवला होता बाबासाहेबांनी. नाझ निकाल लिहिणारे न्या. अजित प्रकाश शहा मूळचे सोलापूरचे, त्यांच्या जोडीला न्या. एस. मुरलीधर. समाजाची नैतिकता समलिंगी संबंधांना मान्य करत नाही, असा सरकारचा युक्तिवाद होता. शहांनी उत्तर दिलं की राज्याला बांधील धरायची ती घटनात्मक नैतिकता. आणि त्यासाठी डॉ. आंबेडकरांच्या ४ नोव्हेंबर १९४८ च्या घटना समितीतल्या भाषणाकडे गेले. गंमत अशी की त्या भाषणात बाबासाहेब बोलत होते राज्यकारभाराच्या तपशिलांबद्दल. प्रशासनाच्या बारीकसारीक तरतुदी राज्यघटनेत कशाला घातल्या, या टीकेला ते उत्तर देत होते. घटनात्मक नैतिकता उपजत नसते, ती जोपासावी लागते, आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे. म्हणून कारभाराचं स्वरूपही लिहून ठेवलेलं बरं, असा तो रोकडा युक्तिवाद. ग्रीसचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रोटचा दाखला त्यासाठीच होता. शहांनी तो विचार उचलला आणि बहुसंख्यांच्या किळसेपासून अल्पसंख्याला वाचवायला वापरला. नागपुरात बाबासाहेबांच्या एकेका वाक्यावर वर्षभर व्याख्यानं चालतात आणि संदर्भ सुटला तर श्रोत्यांतून लगेच कुणीतरी उठतं. इथल्या श्रोत्याने शहांना अडवलं असतं का? मला नाही वाटत. ज्या अविश्वासातून बाबासाहेबांनी ते तपशील लिहून ठेवले, तो अविश्वास समाजाच्या त्याच सवयींबद्दल होता.

आता या सगळ्या कागदांचा नागपुरातला एक प्रसंग. २०१८ च्या फेब्रुवारीत नागपूरच्या लोकअदालतीत विद्या कांबळे या तृतीयपंथी कार्यकर्त्या पॅनेलवर बसल्या. देशात अशी पहिली नेमणूक २०१७ साली पश्चिम बंगालमध्ये इस्लामपूरला जोयिता मंडल यांची झाली होती; महाराष्ट्रात विद्या कांबळे यांची. वर्तमानपत्रांनी 'तृतीयपंथी न्यायाधीश' असे मथळे दिले. काटेकोर बोलायचं तर त्या पॅनेलच्या सदस्य: लोकअदालतीच्या पॅनेलवर एक न्यायिक अधिकारी, जोडीला वकील, समाजकार्यकर्ता असे लोक असतात. पण मथळा अगदी चुकीचा नव्हता. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम २१: लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का, तो अंतिम असतो, त्यावर अपील नाही, आणि कोर्ट फी परत मिळते. बँकेचं थकलेलं कर्ज, अपघाताची भरपाई, चेक बाउन्स अशा तडजोडीजोग्या प्रकरणांचे गठ्ठे टेबलावर, दोन्ही पक्ष समोर, आणि खाली पॅनेलच्या सह्या. ज्या समाजातल्या माणसाला कोर्टाच्या आवारात बहुधा आरोपी म्हणून आणलं जातं, त्यातली एक व्यक्ती टेबलाच्या पलीकडे बसली होती.

तिथवर पोचवणारा निकाल होता १५ एप्रिल २०१४ चा, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवरचा. वकिलांच्या बोलण्यातला 'नाल्सा'. न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. ए. के. सिक्री. या निकालात एक जागा आहे जिथे न्यायमूर्ती बाजूला सरतात आणि ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी बोलू लागतात. त्यांच्याच शब्दांत. मुलगा म्हणून जन्म, इतर मुलांपेक्षा वेगळं असल्याची जाणीव, त्यापायी लहानपणापासून झालेले अत्याचार, मग हिजडा समाजात सापडलेलं माणूसपण. 'मी हिजडा, मी लक्ष्मी' वाचलेल्या मराठी वाचकाला ही कहाणी नवी नाही; पण तीच कहाणी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात, क्रमांक घातलेल्या परिच्छेदांत वाचताना अंगावर येते. पुस्तकात ती ऐकून सोडून देता येते. निकालपत्रात तिच्याखाली आदेश असतो.

आणि आदेशही कसा! आपलं लिंग कोणतं हे ठरवण्याचा हक्क त्या व्यक्तीचा. त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं बेकायदा. सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास म्हणून शिक्षणात आणि नोकरीत आरक्षण. रुग्णालयात उपचार. सार्वजनिक ठिकाणी स्वतंत्र स्वच्छतागृहं. मानवी प्रतिष्ठेवरची पानंच्या पानं वाचून झाल्यावर हा 'स्वच्छतागृह' शब्द येतो, तेव्हा कळतं की कुणीतरी विचारून घेतलं होतं: दिवसभर बाहेर असता, तर जाता कुठे?

पण याच निकालात एक पाऊल जाणूनबुजून मागे घेतलेलं आहे. कौशलचा निकाल चार महिन्यांपूर्वीचाच होता; नाल्साच्या न्यायमूर्तींनी कलम ३७७ बद्दल आम्ही काही मत देत नाही, असं लिहून विषय संपवला. म्हणून फेब्रुवारी २०१८ चा नागपूरचा तो दिवस फार विचित्र ठरतो. सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालामुळे अशा व्यक्तीला हुकूमनाम्याच्या तोडीच्या निवाड्यावर सही करता येत होती. त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या निकालामुळे तिच्या समाजातल्या कुणाच्याही खासगी आयुष्यावर दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची किंवा जन्मठेपेची तलवार टांगलेली होती. दोन्ही निकाल एकाच वेळी लागू. हे पुढे सात महिने तसंच राहिलं.

समलिंगी लग्नाच्या खटल्यावरून मी भरभर जातो, कारण शेवटाकडून वाचलं तर तिथे फार थोडं सापडतं. २०२१ सरता सरता नागपुरात दोन महिला डॉक्टरांनी घरच्यांच्या साक्षीने अंगठ्या बदलल्या तेव्हा देशभर बातम्या झाल्या, आणि आता पुढची पायरी कायद्याची, असं अनेकांना वाटलं. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रियो खटल्यात पाचही न्यायमूर्तींनी सांगितलं की लग्नाचा मूलभूत हक्क घटनेत नाही. तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांचं निकालपत्र देखणं आहे, अभ्यासू आहे, आणि अल्पमतातलं आहे. ९ जानेवारी २०२५ रोजी फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या, चेंबरमध्ये, उघड सुनावणीशिवाय. त्या पीठाच्या अध्यक्षस्थानी न्या. भूषण गवई होते, अमरावतीचे, नागपूर खंडपीठात वर्षानुवर्षं वकिली केलेले. एकच गोष्ट हाती लागली. केंद्राने कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचं आश्वासन दिलं होतं ते निकालात नोंदलं गेलं, आणि त्या धाग्यावरून २०२४ मध्ये सरकारने खुलासे काढले: समलिंगी जोडीदारांना एकत्र बँक खातं उघडायला, एकमेकांना नॉमिनी करायला मज्जाव नाही, रेशनकार्डासाठी ते एका घरातले धरावेत. प्रेमावरची पानं अल्पमतात राहिली, रेशनकार्डाचं काम झालं. मला यात उपहास करावासा वाटत नाही. रेशनकार्ड ही मोठी वस्तू आहे.

सगळ्यांत शेवटी ठेवला आहे तो माझा लाडका आदेश. दिल्लीचा नाही, मोठ्या पीठाचा नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा, एकट्या न्यायमूर्तींचा, न्या. रवींद्र घुगे यांचा. तारीख २ जानेवारी २०२१.

प्रकरण जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकचं. नागपूरहून मुंबईला जाणाऱ्या गाड्या भुसावळ सोडल्यावर ज्या छोट्या स्टेशनावरून न थांबता जातात ते भादली. ग्रामपंचायतीची निवडणूक. महाराष्ट्रात पंचायतींतल्या निम्म्या जागा महिलांना राखीव. तशाच एका, सर्वसाधारण महिलांसाठी राखीव वॉर्डातून एका तृतीयपंथी व्यक्तीने उमेदवारी अर्ज भरला. ३१ डिसेंबरला छाननी झाली आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने अर्ज बाद केला. तृतीयपंथीयांसाठी राखीव जागा नाही, आणि ही जागा महिलांची.

तारखा जोडून बघितल्या की या आदेशातलं नाट्य दिसतं. गुरुवारी अर्ज बाद. शुक्रवारी नवं वर्ष. सोमवारी, ४ जानेवारीला, अर्ज मागे घ्यायची मुदत आणि चिन्हांचं वाटप. मध्ये उरला शनिवार. त्या शनिवारी आदेश झाला. एरवी निवडणूक सुरू झाल्यावर उच्च न्यायालयं तीत हात घालत नाहीत. निवडणूक होऊ द्या, मग निवडणूक याचिका करा, असं सांगतात. उमेदवारी अर्ज नाकारला गेला तरी रिट याचिकेचा मार्ग खुला नाही, हा दंडक सर्वोच्च न्यायालयाने १९५२ पासून घालून दिलेला. पंचायतींसाठी राज्यघटनेतही तशी तरतूद आहे. म्हणजे 'डिसमिस' लिहायचं कारण तयार होतं, कुणी नावं ठेवली नसती. घुगे त्या वाटेने गेले नाहीत.

पहिली ओळ वाचा. याचिकाकर्तीचं नाव: अंजली गुरू संजना जान. आपल्याकडे सरकारी कागदावर नाव म्हणजे स्वतःचं, मग बापाचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. इथे मधल्या जागी गुरूचं नाव आहे. घर सुटल्यावर जिने घर दिलं तिचं. खटल्याच्या शीर्षकात ते जसंच्या तसं आलं आणि निकालांच्या पुस्तकांत याच नावाने राहील. युक्तिवाद सुरू होण्याआधीच एक नातं न्यायालयाच्या दप्तरात दाखल झालं.

मग अधिकाऱ्याबद्दलचा भाग. घुगे त्याला झाडत नाहीत. पुरेसे कागद समोर नव्हते आणि प्रकरणच आगळं होतं, त्यामुळे त्याची अडचण झाली असावी, एवढंच म्हणतात. ज्याने ग्रामपंचायतीची निवडणूक जवळून पाहिली आहे त्याला यातला समंजसपणा कळेल. निवडणूक निर्णय अधिकारी म्हणजे बहुधा तालुक्याच्या कुठल्यातरी खात्यातला कर्मचारी, अंगावर चार-पाच गावं, हातात नियमपुस्तिका, बाहेर दोन पॅनेलची माणसं. त्याला घटनेचा धडा देऊन चार टाळ्या मिळवता आल्या असत्या. न्यायमूर्तींनी त्याला त्याची अब्रू राखून चूक दुरुस्त करू दिली. सोमवारी काम त्याच माणसाकडून करून घ्यायचं होतं ना.

युक्तिवाद थोडक्यात. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कसंरक्षण कायद्याने स्वतःला जाणवलेल्या लिंगओळखीचा हक्क दिला आहे. याचिकाकर्तीने स्त्री ही ओळख निवडली आहे. तेव्हा अर्ज ज्या वॉर्डातून आणि ज्या वर्गातून भरला, त्यातूनच तो स्वीकारला जावा. गटे नाही, शेक्सपिअर नाही. बोलायला वेळ नव्हता, आणि ते पथ्यावर पडलं.

डाग आहे, तो झाकत नाही. न्यायालयाने याचिकाकर्तीचं एक निवेदन हमी म्हणून नोंदवून घेतलं: यापुढे आयुष्यभर, संधीसाधूपणाने, पुरुष या ओळखीकडे परत वळणार नाही. मागची भीती समजते. उद्या कुणी लबाड पुरुष महिलांच्या वॉर्डात घुसायला हीच वाट धरेल. सरपंचपदासाठी काय काय होतं ते आपण सगळे जाणतो; बायकोच्या नावावर कारभार करणारे पती गावोगाव आहेत. पण त्या पतींकडून कुठल्या न्यायालयाने आयुष्यभराची हमी घेतली? संशय अख्ख्या समाजाच्या लबाडीचा, आणि हमी मात्र जिने काही लबाडी केली नाही तिच्याकडून. हक्क मिळाला, पण जामिनावर सुटल्यासारखा. इतक्या नेमक्या आदेशात ही एवढीच जागा बोटाला टोचते.

आणि गाव? आपल्याकडे एक गृहीत असतं की न्यायालय पुढे आणि गाव मागे. २०१७ सालीच सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळने तृतीयपंथी सरपंच निवडून दिला होता. भादलीतही अडवलं ते रकान्याने. मतदारांना तर कुणी विचारलंच नव्हतं. १५ जानेवारीला मतदान झालं, १८ तारखेला मतमोजणी, आणि अंजली त्या महिला वॉर्डातून निवडून आल्या.

ती हमी मात्र आदेशात आहेच, आणि आदेश दाखल्यासाठी उपलब्ध आहे. उद्या विदर्भातल्या एखाद्या ग्रामपंचायतीचं असंच मॅटर नागपूर खंडपीठाच्या बोर्डावर लागलं तर समोरचा वकील उठून हेच वाक्य वाचणार: मिलॉर्ड, तिथे हमी घेतली होती, इथेही घ्या. त्याला उत्तर नाल्साच्या शेवटच्या पानांवर आहे. तिथे लिंगओळख ठरवण्याच्या हक्कावर अशी कुठलीही अट नाही, आणि तो निकाल वरच्या न्यायालयाचा आहे.